टाचण्या

साडेअकरा ते दीड. कमवा आणि शिका.
रजिस्टरात सही झाली की दस्तगीरमामा
टाचण्यांची डबी हातात ठेवतात:
"मोजून दिल्यात, मोजून आण."

फलकाला काच आहे, कुलूप नाही.
काचेवर मोराच्या चोचीचे ओरखडे.
उन्हाळा लागला की तो रोज येऊन
स्वतःशीच भांडून जातो.

आज सूचना सहा.
पुण्याची कंपनी येणार सोमवारी, फॉर्मल कपडे सक्तीचे.
फॉर्मल म्हणजे नेमकं काय, हे कुठल्याच सूचनेत नसतं.
वसतिगृहात काळी पँट एकच,
ती तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येते
आणि कंबर प्रत्येकीची वेगळी.
मुलींची कुस्ती: वजनं सकाळी सहाला, उपाशीपोटी.
नेत्रतपासणी शिबिर. सेटचा रविवारचा वर्ग.
हरवला आहे निळा कॅल्क्युलेटर,
मागं पांढऱ्या शाईनं 'आई' लिहिलेला.

सहावी भूगोल विभागाची.
पूररेषा मोजायला सहायक हवा, जून ते नोव्हेंबर,
पंचगंगाकाठची अकरा गावं.
पोहता येत असल्यास प्राधान्य.
जागा एक. अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत.

मी चिखलीची.
आमच्या सोप्यातल्या भिंतीवर बाबांनी
कोळशानं रेघ ओढलीय, शेजारी तारीख.
रंगाऱ्याला सांगितलं होतं, तेवढी वीतभर भिंत सोड.
रेघ माझ्या कपाळाच्या वर येते.
त्या रात्री म्हशीचं दावं सोडवता आलं नाही,
गाठ भिजून फुगली होती. कापलं.
हे अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

सूचना मी खालच्या कोपऱ्यात लावली,
तिच्यावर अर्धी नेत्रतपासणी,
शुक्रवार झाकला जाईल अशी.
कुणी बघितलं नाही.
मामांनी टाचण्या मोजल्याही नाहीत,
"तू काय चोरणार हाईस," म्हणाले.

मेसमध्ये तेजू मगदूम, हुपरीची,
माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकत म्हणाली,
"बोर्डावर काय नवीन हाय गं?
मी तर दिसंल तिथं अर्ज भरतोय, कुठंतरी लागंल की."
आमच्याकडं पोरीपण येतो, जातो, भरतो असंच बोलतात,
पुण्याच्या कंपन्या हसतात त्याला.
मी म्हणाले, नाही, म्हणालो,
"कायच न्हाई. डोळं तपासायचं शिबिर हाय."

रात्री हौसाक्का आठवली.
पाणी वढ्यातनं मागं फिरलंय, हे तिला आधी कळलं होतं.
तिची ट्रॉली दारात उभी, भरायची राहिलेली,
आणि ती पहाटे तीनला
आमच्या दाराची कडी वाजवत होती.
तिचं तांदळाचं पिंप त्यात गेलं.
पुढं कधी बोलली नाही त्याबद्दल.
आम्हीही विचारलं नाही.

गुरुवारी हजेरी नव्हती, तरी गेलो.
मोर काचेशी भांडत होता, हाकलला.
सूचना काढून मधोमध लावली,
कुस्तीच्या शेजारी.
कागदाला आता आठ भोकं आहेत, चार जुनी, चार नवी.
नीट बघणाऱ्याला कळेल.

तेजूला फोटो पाठवला.
आधी अंगठा आला. मग,
"मला पोहाय येत न्हाई. तू भरलास काय?"

भरतोय.
नाव: प्रज्ञा आनंदा वरुटे.
अनुभवाला दोन ओळींची जागा आहे.
आईला फोन करून टेप धरायला लावली,
पहिल्या ओळीत रेघेची उंची लिहिली, सेंटिमीटरात.
दुसरी ओळ मोकळी आहे.

डबीत एक टाचणी कमी भरतेय.
उद्या मामांना सांगायचं.